पराभव ठाऊक असलेला सेनापती

मुकुटबनात राहून आरमारावर लिहायला बसणे हे थोडे हास्यास्पद आहे, याची मला कल्पना आहे. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे गाव. वर काळी कपाशीची जमीन, खाली कोळसा आणि चुनखडी. इथल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला असेल तो सिनेमात किंवा सहलीत. चुनखडीबद्दल भूगर्भशास्त्र सांगते, की पैनगंगेच्या खोऱ्यातले हे थर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका समुद्राच्या तळाशी साचले. म्हणजे समुद्र इथे होता, फक्त आमच्या वाट्याला तो सिमेंटच्या रूपाने आला! असो. जपानी नौसेनापती इसोरोकु यामामोतो माझ्या वाट्याला कसा आला, ते सांगायचे आहे.

अकरावीतली एक मुलगी वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहून घेऊन आली. विषय होता 'युद्ध आणि विवेक'. भाषणाचा आरंभ यामामोतोच्या तोंडच्या एका प्रसिद्ध वाक्याने केला होता. पर्ल हार्बरवरचा हल्ला यशस्वी झाल्यावर सगळे सहकारी आनंदात असताना तो म्हणतो, की आपण एका झोपलेल्या राक्षसाला जागे केले आहे, अशा आशयाचे ते वाक्य. मी विचारले, "हे कुठून घेतलंस?" ती म्हणाली, "ताईच्या वहीतून, सर. तुम्हीच तर सांगितलं होतं त्यांच्या वर्गाला."

खरेच होते ते. शोकात्म नायकाची कल्पना समजावून सांगताना मी ते वाक्य अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. इतके नेमके, इतके दुःखगर्भ वाक्य दुसरे सापडत नव्हते. पण त्या दिवशी, मुलीने स्पर्धेत परीक्षकांना सामोरे जायचे आहे म्हणून, मी पहिल्यांदा त्याचा उगम शोधला, आणि उगम सापडला तो १९७० साली आलेल्या 'तोरा! तोरा! तोरा!' या चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यात. यामामोतोच्या पत्रांत, रोजनिशीत किंवा सहकाऱ्यांच्या आठवणींत त्याला आधार नाही. पटकथेसाठी शोभणारे ते वाक्य इतिहास म्हणून जगभर फिरले आणि मुकुटबनच्या फळ्यापर्यंत पोचले. पोचवणारा मी.

यामामोतोच्या दुसऱ्या प्रसिद्ध विधानाची कथा याच्या नेमकी उलट आहे. ते त्याचेच आहे, पण अर्धे. जानेवारी १९४१ मध्ये र्योइची सासाकावा या उजव्या विचारसरणीच्या पुढाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले होते, की अमेरिकेशी युद्ध झाले तर ग्वाम, फिलिपाइन्स, अगदी हवाई आणि सॅन फ्रान्सिस्को घेऊनही भागणार नाही, वॉशिंग्टनपर्यंत कूच करून व्हाइट हाउसमध्येच तहावर सही घ्यावी लागेल. त्यापुढे त्याने विचारले होते, की आपल्या राजकारण्यांची एवढ्या त्यागाची तयारी आणि तेवढा आत्मविश्वास आहे काय? वाक्याचा रोख उपरोधाचा आहे. युद्ध सुरू झाल्यावर जपानी प्रचारयंत्रणेने शेवटचा प्रश्न कापून उरलेला मजकूर प्रसिद्ध केला. उपरोधाची वल्गना झाली, आणि अमेरिकेत यामामोतो हा व्हाइट हाउस जिंकायला निघालेला उन्मत्त सेनानी ठरला.

एक वाक्य न बोललेले, दुसरे अर्धे कापलेले. पहिल्याने तो विवेकी शोकनायक झाला, दुसऱ्याने खलनायक. आपण साहित्याची माणसे संहितेच्या प्रामाण्याबद्दल एरवी केवढे दक्ष असतो! तुकारामाच्या गाथेतला प्रक्षेप शोधताना जी चिकित्सा आपण करतो, ती परक्या इतिहासातल्या सुभाषितांना का लावत नाही, हा प्रश्न माझ्यापुरता तरी अस्वस्थ करणारा होता.

आपल्याला हा अनुभव नवा नसावा. कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. कुलाबा, विजयदुर्ग, खांदेरी यांच्या बळावर त्यांनी कोकणपट्टीच्या समुद्रावर आपला दस्तक चालवला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेला हल्लाही फसला. इंग्रज कंपनीच्या कागदपत्रांत मात्र हा माणूस 'चाचा' आहे, समुद्री लुटारू. ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती विशेषण. पुढे १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापुढे तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा जाळणाऱ्या इंग्रजांच्या बाजूला पेशव्यांचे सैन्य उभे होते, ही गोष्ट आपण शाळेत फार घाईने उरकतो. शब्दांचेही पाहा. 'आरमार' पोर्तुगिजांकडून आला, 'अ‍ॅडमिरल'च्या मुळाशी अरबी 'अमीर' आहे आणि 'सरखेल' मधला 'खैल' मुळात घोड्यांचा. समुद्रावरच्या अधिकाराला आपण जमिनीवरचे आणि परके शब्द दिले. आरमारी सेनानीकडे स्वतःच्या नजरेने पाहण्याची सवय आपल्याला फारशी नाही, ती यामामोतोच्या बाबतीत कुठून असणार?

तर सुभाषिते बाजूला ठेवून हा माणूस पाहायचे मी ठरवले.

४ एप्रिल १८८४ रोजी नागाओका येथे त्याचा जन्म झाला. इसोरोकु म्हणजे छप्पन्न. जन्माच्या वेळी वडिलांचे वय छप्पन्न होते, म्हणून हे नाव. १९०५ च्या मे महिन्यात त्सुशिमाच्या लढाईत, ज्या विजयाने आशियातल्या कितीतरी परतंत्र देशांना धीर दिला त्या लढाईत, विशीतल्या या अधिकाऱ्याने डाव्या हाताची दोन बोटे गमावली. पुढे हार्वर्डला शिक्षण आणि वॉशिंग्टनला नौदल प्रतिनिधी म्हणून वास्तव्य. अमेरिकेतले तेल आणि कारखाने पाहिलेल्या त्या माणसाला या देशाशी दीर्घ युद्ध जिंकता येणार नाही हे कळायला भविष्यवेत्ता असण्याची गरज नव्हती.

ते त्याने दडवूनही ठेवले नाही. नौदलाचा उपमंत्री असताना मंत्री मित्सुमासा योनाई आणि सहकारी शिगेयोशी इनोउए यांच्यासह त्याने जर्मनीशी करायच्या कराराला कडाडून विरोध केला. त्यापायी त्याच्या जिवाला धोका निर्माण झाला. १९३९ च्या ऑगस्टअखेर त्याला संयुक्त आरमाराचा सरसेनापती नेमून समुद्रावर पाठवले गेले, त्यामागे त्याला मारेकऱ्यांपासून दूर ठेवण्याचाही हेतू होता. सप्टेंबर १९४० मध्ये त्रिराष्ट्र करार झालाच. तेव्हा पंतप्रधान कोनोए यांना त्याने सांगितले, की लढा म्हटलेत तर पहिले सहा महिने, फार तर वर्ष, मी धुमाकूळ घालीन, पण युद्ध दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात गेले तर मला काडीचा भरवसा नाही. या विधानाला मात्र भक्कम आधार आहे.

इथपर्यंत माझा शोकनायक शाबूत होता.

पण ७ जानेवारी १९४१ रोजी नौदलमंत्री ओइकावा यांना लिहिलेल्या पत्रात हाच माणूस पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची कल्पना मांडतो. सासाकावाला लिहिलेले उपरोधिक पत्र त्यानंतर अवघ्या दोन-तीन आठवड्यांतले! एका हाताने युद्धाची अशक्यता आणि दुसऱ्या हाताने युद्धाचा आरंभ तो एकाच महिन्यात लिहीत होता. त्याचे गणित असे होते : दीर्घ युद्ध जिंकता येत नाही, म्हणून ते लहान असले पाहिजे, आणि ते लहान व्हायचे तर पहिलाच घाव असा बसला पाहिजे की समोरच्याची लढण्याची इच्छाच मोडावी. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी सहा विमानवाहू नौकांवरून साडेतीनशेंवर विमाने उडाली आणि २,४०३ अमेरिकन माणसे मेली. मोडलेल्या आठ युद्धनौकांपैकी सहा पुढे दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागल्या. तेलाच्या टाक्या वाचल्या, विमानवाहू नौका बंदरात नव्हत्याच. आणि जपानचे वाटाघाटी मोडल्याचे पत्र हल्ल्यानंतर पोचल्यामुळे जी इच्छा मोडायची होती तीच पोलादी झाली. त्याचे अमेरिकेविषयीचे ज्ञान खरे होते, पण त्याच्याच योजनेने ते ज्ञान निरुपयोगी करून टाकले.

आता आपल्याकडे येऊ, कारण हे युद्ध आपल्याला वाटते तेवढे परके नव्हते. १९४२ च्या आरंभी जपानी आरमारापुढे प्रश्न होता, की पुढे कुठे? पश्चिमेला श्रीलंका आणि हिंदी महासागर, दक्षिणेला ऑस्ट्रेलिया, की पूर्वेला मिडवे? श्रीलंका घेण्याच्या बेताला जपानी लष्कराने सैन्य द्यायचे नाकारले, म्हणून नुसती धाड घालायचे ठरले. व्हाइस अ‍ॅडमिरल नागुमो पाच विमानवाहू नौका घेऊन आला. ५ एप्रिलला कोलंबो, ९ एप्रिलला त्रिंकोमाली. व्हाइस अ‍ॅडमिरल ओझावाने त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात तेवीस व्यापारी जहाजे बुडवली, आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाडा यांवर बॉम्ब पडले. तेलुगू मुलूख आमच्या तालुक्याच्या शिवेला लागून आहे, इथल्या बाजारात आजही दोन्ही भाषा ऐकू येतात. त्या भाषेच्या किनाऱ्यावर जपानी बॉम्ब पडला होता. मद्रासहून सरकारी कचेऱ्या आतल्या भागात हलल्या. ब्रिटिशांच्या पौर्वात्य आरमाराचा संथ भाग आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेला आणि वेगवान भाग आपल्या मुंबईला आला.

त्याच महिन्यात, इथून फार लांब नसलेल्या सेवाग्रामात, गांधीजींनी अलाहाबादच्या काँग्रेस बैठकीसाठी ठरावाचा मसुदा लिहून मीराबेनच्या हाती पाठवला. ब्रिटिशांनी निघून जावे, जपान्यांना अहिंसक असहकाराने तोंड द्यावे, असा त्याचा गाभा होता. जपानी उतरलेच तर लोकांनी काय करावे, याची तयारी करायला मीराबेन ओरिसाच्या किनाऱ्यावर गेल्या. २६ जुलैच्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी प्रत्येक जपानी माणसाला उद्देशून जाहीर पत्र लिहिले. हिंदुस्थानात आपले स्वागत होईल असे वाटत असेल तर तो भ्रम आहे, हे त्यांनी त्यात स्वच्छ सांगितले. ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर 'चले जाव'ची घोषणा झाली आणि १६ ऑगस्टला चिमूर पेटले. या साऱ्याला यामामोतो कारण झाला असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. पण ज्या हवेत हे घडले, त्या हवेत त्याच्या आरमाराचा धूर होता एवढे नक्की.

आणि इथेच, वाचताना, मला ती गोष्ट सापडली जिने माझा शोकनायक मोडला.

आरमार कोलंबोवर असताना यामामोतो स्वतः जपानमध्ये होता. त्याच्या मनात मिडवे होते. टोकियोच्या नौदल मुख्यालयाला तो बेत धोक्याचा वाटत होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यामामोतोच्या अधिकाऱ्याने निरोप पोचवला, की बेत मान्य नसेल तर सरसेनापती पद सोडतील. ५ एप्रिलला, म्हणजे कोलंबोवर बॉम्ब पडले त्याच दिवशी, मुख्यालयाने मान तुकवली. हाच डाव त्याने आधीही खेळला होता. १९४१ च्या ऑक्टोबरात पर्ल हार्बरचा बेत मुख्यालय मान्य करीना, तेव्हाही त्याच्या वतीने राजीनाम्याचीच भाषा गेली होती आणि नौदलप्रमुख नागानो यांनी तो मान्य केला होता.

म्हणजे राजीनाम्याचे शस्त्र त्याच्याजवळ होते. ते धारदार होते, दोनदा चालले. दोन्ही वेळा त्याने ते आपली योजना मंजूर करून घेण्यासाठी वापरले. जे युद्ध हरणार हे त्याला ठाऊक होते, ते टाळण्यासाठी मात्र ते म्यानातच राहिले.

यावर आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. त्याने पद सोडले असते तर दुसरा कोणी आला असता आणि युद्ध झालेच असते. बहुधा झाले असते. सम्राटाची आज्ञा, सैनिकाचा धर्म, शपथ या गोष्टी त्याच्या जगात पोकळ नव्हत्या. परंतु 'दुसरा कोणी आला असता' हा युक्तिवाद कोणत्याही कृतीला लागू पडतो, म्हणून तो कोणत्याच कृतीचा हिशेब चुकता करीत नाही.

मराठी वाचकाला इथे भीष्म आठवल्यावाचून राहणार नाही. तो पक्ष अन्यायाचा आहे हे जाणतो, पांडवांचे कल्याण चिंतितो, आणि दहा दिवस कौरवांचे सेनापतिपद चोख सांभाळतो. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये भीष्माभोवतीचे भक्तीचे वलय बाजूला सारून त्याच्या या उतारवयातल्या सेनापतिपदाकडे माणसाच्या पातळीवर पाहिले, हे त्या पुस्तकाचे मोठेच देणे आहे. नाहीतर भीष्माच्या वेदनेत आपण इतके रंगतो की त्या दहा दिवसांत त्याच्या बाणांनी रोज मेलेली माणसे आपल्याला दिसेनाशी होतात. महाभारतात युद्धाबाहेर राहण्याची उदाहरणेही आहेत. बलराम तीर्थयात्रेला गेला. आपल्या विदर्भाचा रुक्मीही बाहेर राहिला, पण तो बिचारा दोन्ही पक्षांनी नको म्हटले म्हणून! बाहेर राहणाऱ्यांवर शोकांतिका लिहिल्या जात नाहीत, हे मात्र खरे.

शोकात्मतेचा हा धोका मी वर्गात कधी सांगितला नव्हता. जाणत्या माणसाच्या हातून अनर्थ घडला की त्याचे जाणतेपण हीच आपल्याला त्याची व्यथा वाटते, आणि व्यथा हीच शिक्षा. त्याने भोगले ना, मग फिटले. खरे तर जाणतेपणाने जबाबदारी वाढायला हवी, पण आपल्या रसास्वादात ती घटते. न बोललेले ते वाक्य यामामोतोच्या तोंडी घालायची गरज चित्रपटाला भासली आणि मला ते फळ्यावर लिहावेसे वाटले, त्याचे कारण हेच असावे.

एवढे लिहून थांबता आले असते. पण मग हा लेख लिहायचे कारण लपवल्यासारखे होईल.

काही वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत काम करीत होतो, तिथे संध्याकाळचे वाचनालय बंद करायचा निर्णय झाला. आसपासच्या खेड्यांतली आणि कोलामांच्या पोडांवरची मुले शेवटची बस येईपर्यंत तिथे बसत. मी बैठकीत विरोध केला. चांगला पंधरा मिनिटे बोललो, एकदोघांनी नंतर हातही मिळवला. निर्णय बदलला नाही. शेवटी अध्यक्षस्थानावरून म्हटले गेले, "सर, हे काम तुम्हीच नीट कराल." मी ते नीट केले. पुस्तकांच्या याद्या केल्या, कपाटे कुठे जातील त्याचा तक्ता केला, मुलांकडची पुस्तके परत घेण्याच्या तारखा लावल्या. पंधरा दिवसांचे काम आठ दिवसांत झाले, आणि त्या व्यवस्थितपणाचा मला थोडा अभिमानही वाटला, हे कबूल केले पाहिजे. शेवटच्या दिवशी एक मुलगा पुस्तक परत द्यायला आला. यादीत त्याच्या नावापुढे मी खूण केली. तो म्हणाला, "सर, आता कुठे बसायचं?" मी त्याला म्हटले, "अरे, माझा तर विरोधच होता."

त्यानंतर ही हकिकत मी अनेकांना सांगितली आहे, आणि दर वेळी आरंभ 'माझा विरोध होता' इथूनच केला आहे. वाचनालय आणि महायुद्ध यांची तुलना करण्याइतका मी मूर्ख नाही. तिथे हजारो माणसे मेली, इथे काही मुले बसस्टँडच्या कट्ट्यावर बसू लागली. पण माझी यादी इतकी चोख नसती, मी 'हे काम माझ्याकडून होणार नाही' एवढेच म्हटले असते, तर काय झाले असते? दुसऱ्या कोणी केले असते. कदाचित महिनाभर लागला असता, आणि त्या महिन्यात मुले तिथे बसली असती.

यामामोतोचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. मिडवेचा बेत अमेरिकनांनी सांकेतिक संदेश फोडून आधीच ओळखला होता. ४ जून १९४२ पासूनच्या त्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. त्यांतल्या तीन दोनच महिन्यांपूर्वी कोलंबोवर आलेल्या होत्या. त्यांच्याबरोबर आणि भोवती तीन हजारांवर जपानी खलाशी आणि वैमानिक गेले. १८ एप्रिल १९४३ रोजी, पुन्हा एका फोडलेल्या संदेशावरून, बोगनव्हिल बेटावर अमेरिकन विमानांनी त्याचे विमान पाडले. त्याने सांगितलेली सहा महिन्यांची मुदत जवळजवळ तंतोतंत खरी ठरली. पर्ल हार्बर ते मिडवे, सहा महिनेच. भाकीत खरे ठरण्याची किंमत त्याच्या खलाशांनी मोजली.

त्या मुलीच्या भाषणातले पहिले वाक्य आम्ही काढून टाकले. त्याच्या जागी काय घालावे यावर बराच वेळ गेला. मी दोन-तीन भारदस्त वाक्ये सुचवली, तिला ती आवडली नाहीत. शेवटी तिने स्वतःच प्रश्नाने सुरुवात केली : हे युद्ध आपण हरणार हे ज्याला माहीत होते, त्याने त्याची योजना इतकी चांगली का केली? परीक्षकांपैकी एकाने म्हणे तिला नंतर विचारले, ते झोपलेल्या राक्षसाचे वाक्य का नाही घेतलेस, ते फार गाजलेले आहे. तिने सांगितले, ते त्याचे नाही.

तिला बक्षीस मिळाले नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत ते वाक्य अजून असणारच. कोणाकोणाच्या, ते मला ठाऊक नाही. निदान या लेखापुरते तरी, ज्यांना ते मी दिले त्यांनी ते खोडावे, एवढे सांगून थांबतो.